तापानंतर ओसरलेला ल्युकेमिया आणि बातमीत न आलेले पुढचे महिने

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत तीव्र ल्युकेमिया झालेल्या एका रुग्णाची हकिकत नुकतीच वाचनात आली. रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, केमोथेरपी सुरू होण्याआधीच न्यूमोनियाने गाठले, रुग्ण काही दिवस अत्यवस्थ होता, अँटिबायोटिक्सनी तो सावरला आणि त्यानंतर तपासलेल्या अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या, असा तिचा गोषवारा होता. शरीराची प्रतिकारशक्ती एकदा जागी झाली की मोठमोठ्या औषधांची गरजच उरत नाही, असे सुचवून लेख संपला होता. आयुष्याची बरीच वर्षे रक्तविकारांच्या विभागात काढलेला डॉक्टर या नात्याने त्या लेखाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी.

ती हकिकत खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुरेसा उपचार न होताही ल्युकेमिया तात्पुरता ओसरल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सापडतात आणि त्यातल्या बऱ्याच नोंदींत आधी गंभीर जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो. माझा आक्षेप आहे तो लेख जिथे थांबला त्या जागेला. अशा रुग्णांच्या बाबतीत पुढच्या महिन्यांत काय होते, हे सांगितल्याशिवाय या घटनेचा अर्थ लागत नाही आणि नेमके तेच लेखात नव्हते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात (तीव्र ल्युकेमियाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी हा एक, दुसरा लिम्फोब्लास्टिक) आपोआप झालेला असा उपशम बहुतेक वेळा काही आठवडे किंवा काही महिने टिकतो आणि मग आजार परततो. वर्षानुवर्षे टिकलेली उदाहरणे आहेत, पण ती मुळात दुर्मीळ असलेल्या गोष्टीतलीही अतिदुर्मीळ आहेत.

या विषयाचा इतिहास रंजक आहे. ल्युकेमिया आपोआप ओसरल्याचे पहिले वर्णन म्हणून आयझेनलोर या जर्मन वैद्याच्या १८७८ मधील नोंदीचा उल्लेख केला जातो. अमेरिकेत जॉर्ज डॉक यांनी १९०४ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांना मध्येच दुसरा एखादा आजार झाला तर मूळ आजारावर काय परिणाम होतो, याचा आढावा घेतला. संसर्गाच्या काळात पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने खाली येते, फुगलेली प्लीहा आकसते आणि संसर्ग सरल्यावर सारे पूर्वपदावर, म्हणजे वाईटाकडे, येते, हे त्या काळातल्या वैद्यांनी टिपून ठेवले होते. त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक आणि बोटांचा स्पर्श यापलीकडे फारसे काही नव्हते, तरीही ही चढउतार त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

याच सुमारास न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम कोली हे निराळ्या वाटेने याच प्रश्नाशी येऊन भिडले होते. मानेवरच्या सार्कोमाने, म्हणजे हाडे, स्नायू यांसारख्या ऊतींच्या कर्करोगाने, जेरीस आलेल्या एका रुग्णाला विसर्प, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे होणारा त्वचेचा तीव्र दाह, झाला आणि त्यानंतर ती गाठ नाहीशी झाली, अशी जुनी नोंद त्यांच्या वाचनात आली. १८९१ पासून त्यांनी गाठी असलेल्या रुग्णांना आधी जिवंत जंतू आणि पुढे उष्णतेने मारलेल्या जंतूंचे मिश्रण टोचायला सुरुवात केली. काही गाठी खरोखरच विरघळल्या, परंतु जिवंत जंतूंमुळे काही रुग्ण दगावलेही, आणि कोणाला गुण येईल हे आधी सांगता येत नसे. कोलींचे काम मुख्यत्वे सार्कोमावर होते, ल्युकेमियावर नव्हे. पण जंतूच्या हल्ल्यात शरीर जे काही निर्माण करते त्याचा कर्करोगाच्या पेशींना त्रास होतो, ही कल्पना त्यांच्यामुळे वैद्यकात रुजली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच लॉइड ओल्ड यांच्या गटाने जंतूंच्या विषाने चेतवलेल्या उंदरांच्या रक्तातून गाठींना मारणारा पदार्थ वेगळा दाखवला. आज आपण ज्याला टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) म्हणतो, तो हाच.

लहान मुलांच्या ल्युकेमियाबाबत १९५३ साली बिअरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अहवाल अजूनही उद्धृत होतो. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस यांचे संसर्ग तसेच कांजिण्या यांच्यानंतर मुलांमध्ये आजार ओसरल्याची उदाहरणे त्यात आहेत. पांढऱ्या पेशी घटवणारा मांजरांमधला एक विषाणू रुग्णांना देऊन पाहिल्याचाही त्यात उल्लेख आहे. आजच्या नीतिनियमांच्या चौकटीत असा प्रयोग कोणी मांडायलाही धजावणार नाही. तेव्हाच्या हतबलतेची कल्पना मात्र त्यावरून येते. १९७१ मध्ये युगांडातून बर्किट लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग झालेल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. गोवर उठला आणि त्या काळात त्याच्या डोळ्याभोवतीची गाठ ओसरत गेली. ल्युकेमियावर गोवराचा असाच परिणाम होत असावा का, याविषयीचे टिपणही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

एवढे वाचून कोणाचीही उत्सुकता चाळवेल आणि ती चाळवायलाच हवी. मात्र 'कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या' या वाक्याचा अर्थ प्रयोगशाळेत काय होतो, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. नितंबाच्या हाडातून सुईने थेंबभर मज्जा ओढून काचपट्टीवर पसरली जाते, ती रंगवली जाते आणि आम्ही एकेक पेशी पाहत काहीशे पेशी मोजतो. तीव्र ल्युकेमियात मोठे केंद्रक, त्यात उठून दिसणारी केंद्रिका आणि भोवती कंजूषपणे उरलेला निळसर पेशीद्रव अशा ब्लास्ट पेशींनी सारे क्षेत्र व्यापलेले असते. मायलॉइड प्रकारात कधीकधी त्यांच्यात लालसर सुईसारखी ऑअर कांडी दिसते आणि ती दिसली की निदानाविषयी शंका उरत नाही. निदानाच्या वेळी अशा पेशी सर्वसाधारणपणे २० टक्के किंवा त्याहून जास्त असतात. त्या ५ टक्क्यांच्या खाली आल्या, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट पुरेशा वाढल्या आणि शरीरात इतरत्र आजार दिसत नसला, की रुग्ण पूर्ण रेमिशनमध्ये आहे असे आम्ही लिहितो.

आता हिशेब पाहा. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी एक हजार कोटी शिल्लक राहतात आणि तरीही काचपट्टी स्वच्छ दिसू शकते. फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणारी तपासणी) किंवा जनुकांच्या रेणवीय तपासणीने दहा हजारांत एक इतक्या विरळ पेशीही आता शोधता येतात. आपोआप ओसरलेल्या ल्युकेमियाच्या जुन्या नोंदी या तपासण्या उपलब्ध होण्याआधीच्या आहेत. म्हणजे त्या रुग्णांचा आजार गेला होता की केवळ नजरेआड झाला होता, हे ठरवण्याचे साधनच त्या डॉक्टरांकडे नव्हते. आजार पुढे परतला, यावरून उत्तर काय असावे हे समजते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा याहून निराळा आहे. अशा नोंदी कोण लिहितो आणि कधी लिहितो, याचा विचार लेखात कुठेच नव्हता. तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णाला संसर्ग होणे ही अपवादात्मक घटना नसून रोजची घटना आहे. ज्यांनी जंतूंशी लढायचे त्या निरोगी पांढऱ्या पेशी तयार होण्याची जागाच आजाराने बळकावलेली असते. त्यात केमोची भर पडली की उरल्यासुरल्या पेशीही संपतात. त्यामुळे न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुदोष, तोंडातील आणि गुदद्वाराजवळचे फोड, फुप्फुसातील बुरशी हे या विभागाचे नेहमीचे पाहुणे असतात. या असंख्य रुग्णांपैकी ज्याचा ल्युकेमिया संसर्गानंतर ओसरला त्याच्यावर टिपण लिहिले जाते, कारण ते नवल असते. ज्याचा ओसरला नाही त्याच्यावर कोणी लिहीत नाही. जो त्या न्यूमोनियातच गेला, त्याची नोंद मृत्यूच्या दाखल्यावर संपते. वरती अंश आहे, खाली छेद कोणी लिहून ठेवलेला नाही आणि तरीही आपण अपूर्णांकाची किंमत सांगू पाहतो. कांजिण्यांचेच घ्या. १९५३ च्या त्या अहवालात कांजिण्यांनंतर ओसरलेला ल्युकेमिया आहे, आणि त्याच कांजिण्या उपचार चालू असलेल्या ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या फुप्फुसात व यकृतात उतरून त्यांचा जीव घेत, हे बालरोगतज्ज्ञांच्या जुन्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले आहे. गोवराचेही तसेच. अशा मुलांमध्ये कधी पुरळसुद्धा न उठता गोवर थेट फुप्फुसे व्यापतो.

शिवाय त्या काळात रुग्णाला केवळ संसर्ग झालेला नसतो. त्याला रक्त आणि प्लेटलेट चढवलेले असतात, अनेक औषधे चालू असतात, कधी स्टेरॉइडचे काही डोस गेलेले असतात आणि लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियात स्टेरॉइड हे स्वतःच प्रभावी औषध आहे. लहान मुलांमध्ये एक चकवा आणखी आहे. संसर्गानंतर मज्जा काही काळ ओस पडते, रक्तातल्या सगळ्याच पेशी घटतात, मग त्या आपोआप सावरतात, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया उघडपणे समोर येतो. क्वचित मूळ निदानच चुकलेले असते. गंभीर संसर्गात निरोगी मज्जाही इतक्या कोवळ्या पेशी रक्तात सोडते की ल्युकेमियाचा भास व्हावा. बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावातही मज्जेचे रूप अननुभवी डोळ्याला फसवते. गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी नसलेल्या जुन्या नोंदींतील काही प्रसंगी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नसेल, असे खात्रीने म्हणता येत नाही.

या सगळ्या चाळण्या लावूनही काही नोंदी उरतात. त्यांत निदान पक्के आहे, गुणसूत्रातला विशिष्ट बिघाड आधी दिसला आणि नंतर दिसेनासा झाला आहे आणि कर्करोगावरचे कोणतेही औषध दिलेले नाही. अशा रुग्णांच्या शरीरात काय घडत असावे? संसर्गाच्या भरात टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्युकिन-२ यांसारखी रसायने मोठ्या प्रमाणात सुटतात. नैसर्गिक मारक पेशी आणि मारक टी-पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात. यातली काही रसायने ब्लास्ट पेशींना थेट मारू शकतात तर काही त्यांना परिपक्व व्हायला भाग पाडू शकतात. यातला नेमका कोणता दुवा निर्णायक ठरतो, हे एकेका रुग्णाच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही आणि प्रत्येक रुग्णात तो एकच असेल असे मानायचेही कारण नाही. परंतु प्रतिकारशक्ती ल्युकेमियाला संपवू शकते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर आता चमत्काराच्या गोष्टींवर अवलंबून राहिलेले नाही. ते दुसऱ्या दिशेने, आणि फार भक्कमपणे, मिळाले आहे.

ती दिशा म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सुरुवातीला कल्पना अशी होती की केमो आणि किरणोत्साराच्या जबर मात्रेने आजार मारायचा आणि रिकाम्या झालेल्या मज्जेच्या जागी दात्याची मज्जा रुजवायची. म्हणजे मारणारे औषध, आणि दात्याची मज्जा केवळ भरपाई. या कामाचे अग्रणी डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण आकडे जमत गेले तसे ध्यानात आले की दात्याची मज्जा भरपाईपेक्षा पुष्कळ जास्त काम करते आहे. एकसारख्या जुळ्या भावाची मज्जा दिली तर प्रत्यारोपण अगदी सुरळीत पार पडते, परंतु आजार परतण्याचे प्रमाण जास्त राहते. भावंड जुळे नसेल तर आजार परतण्याचे प्रमाण घटते. दात्याच्या मज्जेतून टी-पेशी गाळून टाकल्या तर रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर होणारा हल्ला टळतो, परंतु ल्युकेमिया अधिक वेळा परततो. १९९० मध्ये हॉरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक प्रत्यारोपणांच्या नोंदी एकत्र करून हे स्पष्ट दाखवले. त्याच वर्षी जर्मनीत कोल्ब यांच्या गटाने प्रत्यारोपणानंतर आजार परतलेल्या तीन रुग्णांना त्यांच्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, जोडीला इंटरफेरॉन दिले, आणि तिघांचाही क्रॉनिक, म्हणजे संथपणे वाढणारा, मायलॉइड ल्युकेमिया मागे हटला. इथे छेद लिहिलेला आहे, तुलनेला दुसरा गट आहे आणि म्हणूनच प्रतिकारशक्ती ल्युकेमियाला मारते, हे विधान मी या पत्रात बिनदिक्कत करू शकतो.

ल्युकेमियाही गप्प बसत नाही, हे त्यानंतर कळले. प्रत्यारोपणानंतर परतलेल्या आजाराच्या पेशींचा अभ्यास केला असता त्यांनी आपली ओळख पटवणारे एचएलए रेणू टाकून दिल्याचे किंवा झाकून ठेवल्याचे आढळते. काहींनी त्यासाठीचा गुणसूत्राचा तुकडाच गमावलेला असतो. अशा पेशींना दात्याच्या टी-पेशी ओळखूच शकत नाहीत. इतर काहींनी मात्र ते जनुक केवळ बंद ठेवलेले असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पेशींवर प्रयोगशाळेत इंटरफेरॉन गॅमाचा मारा केल्यावर ते दडलेले रेणू पुन्हा पृष्ठभागावर आले. गंभीर संसर्गात शरीर जी रसायने सोडते त्यात इंटरफेरॉन गॅमा ठळकपणे असते, हे लक्षात घेतले तर तापानंतर ओसरलेल्या ल्युकेमियाचे एक संभाव्य स्पष्टीकरण इथे दिसते: लपलेली पेशी काही काळ उघडी पडली आणि तेवढ्या अवधीत मारली गेली, ताप उतरला, रसायने ओसरली आणि उरलेल्या पेशी पुन्हा आडोशाला गेल्या. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा. पण उपशम अल्पकाळ का टिकतो, हे त्यातून निदान सुसंगतपणे समजते.

संसर्गाचे हे गुण संसर्गाविना मिळवता येतील का, असा प्रयत्न पूर्वीच झाला होता. पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी १९६९ मध्ये तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना केमोनंतर बीसीजी लस आणि निष्क्रिय केलेल्या ल्युकेमिया पेशी टोचल्या, आणि काही मुलांमध्ये आजार बराच काळ दबून राहिल्याचे प्रसिद्ध केले. सगळीकडे आशेचे वातावरण पसरले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने रीतसर तुलना करून पाहिली तेव्हा बीसीजी घेतलेल्या मुलांना कोणताही फायदा दिसला नाही आणि मेथोट्रेक्सेट या केमोच्या साध्या औषधाने तिच्यावर मात केली. ते निष्कर्ष १९७१ चे आहेत. तीच बीसीजी पुढे मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात मात्र उत्तम उपयोगी ठरली आणि आजही वापरली जाते. एका कर्करोगात लागू पडलेली प्रतिकारशक्तीची युक्ती दुसऱ्यात पडेलच असे नाही, आणि ते तुलनेशिवाय कळत नाही. प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही हा विषाणू डोके वर काढतो तेव्हा मायलॉइड ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण कमी राहते, असे २०११ मध्ये एका जर्मन गटाने दाखवले होते. पाच वर्षांनी अनेक केंद्रांच्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा तो फायदा दिसला नाही, उलट त्या विषाणूमुळे मृत्यू वाढलेले आढळले.

एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे, नाहीतर माझ्यावरही अर्धे सांगितल्याचा आरोप येईल. डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बालकांच्या रक्तात जन्मतःच ल्युकेमियासारख्या पेशी आढळतात आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये त्या पहिल्या काही महिन्यांत औषधाशिवाय नाहीशा होतात. संसर्गाचा तिथे संबंध नसतो. गाटा-१ या जनुकातला बदल गर्भावस्थेतील यकृताच्या वातावरणात जोर धरतो आणि जन्मानंतर ते वातावरण संपले की त्या पेशींचा आधार जातो. पण इथेही पाचांत साधारण एका बालकाला पुढच्या काही वर्षांत खरा मायलॉइड ल्युकेमिया होतो, म्हणून या मुलांची नियमित रक्ततपासणी टाळून चालत नाही.

अशी एखादी हकिकत अर्धवट पोहोचली, तर रुग्णालयात काय घडते हे मी पाहिले आहे. मध्यमवयीन रुग्ण, निदान पक्के, केमो दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. थोरल्या भावाने घडी घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि अत्यंत अदबीने विचारले, "डॉक्टरसाहेब, त्याला परवापासून ताप आहे. मग थोडे थांबून पाहू या का? तापानेच उतरला तर केमोचा त्रास वाचेल." तो माणूस अडाणी नव्हता. छापून आलेले त्याने खरे मानले होते आणि ते खरेही होते. फक्त त्या कात्रणात पुढचे महिने नव्हते. ताप ही त्या क्षणी रुग्णाला असलेली सर्वांत मोठी भीती आहे, त्याच्यावर आजच्या आज अँटिबायोटिक सुरू झाले नाही तर केमोचा प्रश्नच उरणार नाही, हे त्यांना पटवण्यात अर्धी दुपार गेली.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट शब्दांत छापली जावी, अशी विनंती आहे. ज्यांना ल्युकेमिया आहे किंवा ज्यांची केमोथेरपी चालू आहे, त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली असताना अंग १०१ अंश फॅरनहाइट झाले, किंवा १०० अंशांच्या किंचित वर जाऊन तासभर तसेच राहिले, तर ती तातडीची अवस्था समजली जाते. क्रोसिनची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. रुग्णालय गाठावे आणि पोहोचल्यापासून साधारण तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, अशी अपेक्षा असते. पू होण्यासाठी लागणाऱ्या पेशीच नसल्यामुळे अशा रुग्णांमध्ये न्यूमोनियाची सावली एक्स-रेमध्ये उशिरा उमटते, घशाला सूज कमी दिसते, आणि ताप हे बहुधा एकमेव लक्षण असते. प्रतिकारशक्ती खचलेली असताना लसीतला दुर्बळ विषाणूही झेपेल याची खात्री नसते, म्हणून अशा रुग्णांना गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत.

संसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांच्या नात्यातून जे खरोखर हाती लागले आहे, त्याची बातमी या हकिकतीपेक्षा कमी चित्तथरारक नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या मुलीला तिच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्यात आल्या. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींवरील सीडी-१९ हा रेणू ओळखण्याची क्षमता त्या पेशींना देण्यात आली होती. काही दिवसांतच तिला भयंकर ताप चढला, रक्तदाब कोसळला, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. वरवर पाहता हे चित्र जंतुदोषाचेच होते, पण जंतू कुठेही नव्हते. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढल्याचे दिसले, संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध देण्यात आले आणि ती सावरली. तिचा ल्युकेमिया गेला आणि वर्षानुवर्षे परतला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली. इथे ताप आहे, प्रतिकारशक्तीचे उधाण आहे, ल्युकेमियाचे ओसरणे आहे. फरक एवढाच की कोणत्या पेशीने कशाला मारले हे माहीत आहे, ताप आवरण्याचे औषध हाताशी आहे आणि किती रुग्णांना गुण आला नाही हेही लिहून ठेवलेले आहे. ज्यांना गुण आला नाही किंवा ज्यांचा आजार परतला असे रुग्ण या उपचारातही थोडेथोडके नाहीत.

केमोथेरपीचा उल्लेख लेखात केवळ त्रास म्हणून आला, त्याबद्दलही दोन शब्द. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने १६ पैकी १० मुलांमध्ये ल्युकेमिया तात्पुरता मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. तो उपशमही काही महिन्यांचाच होता, जवळपास आपोआप होणाऱ्या उपशमाइतकाच अल्पायुषी. मात्र तो पुन्हा पुन्हा घडवता येत होता, म्हणून त्यावर दुसरे औषध, तिसरे औषध, मेंदूभोवतीच्या द्रवात दडलेल्या पेशींसाठी वेगळा उपचार असे थर चढवता आले. सर्व सोयी उपलब्ध असतील तिथे आज लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली दहांपैकी सुमारे नऊ मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात.

आपल्या लेखातील रुग्ण दीर्घायुषी होवो, ही सदिच्छा आहेच. त्या रुग्णाला नंतर केमो देण्यात आली का, रेणवीय तपासणीत काय आढळले आणि आज त्याची स्थिती कशी आहे, हे लेखकाने त्याच्या डॉक्टरांकडून, रुग्णाची संमती घेऊन, विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते पहिल्या लेखाला दिली होती तेवढीच जागा देऊन छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रक्तविकारतज्ज्ञ